जयपूर साहित्य महोत्सव : लिहिणाऱ्यांचा आणि गाणाऱ्यांचा मंच

राजस्थानची राजधानी जयपूर येथे दरवर्षी हिवाळ्यात पाच दिवसांचा साहित्य महोत्सव भरतो. देशविदेशातील लेखक, कवी, इतिहासकार, पत्रकार आणि अनुवादक या निमित्ताने एकत्र येतात. त्यांच्या बरोबरीने लोकगायक, वादक, कथेकरी आणि चित्रपटसृष्टीतील कलावंतही येथे उपस्थित असतात. २००६ मध्ये अगदी लहान प्रमाणावर सुरू झालेल्या या उपक्रमाची गणना आता जगातील प्रमुख साहित्य महोत्सवांमध्ये होते.

लेखक आणि सादरकर्ता हे दोन वेगळे वर्ग आहेत, असे आपण सर्वसाधारणपणे मानतो. लेखक लिहितो आणि वाचक एकांतात वाचतो. गायक मात्र श्रोत्यांसमोर गातो. जयपूरच्या मंचावर हा भेद पुष्कळसा पुसट होतो. येथे कादंबरीकारालाही श्रोत्यांसमोर बसून बोलावे लागते आणि निरक्षर भोप्याने मुखोद्गत केलेले महाकाव्यही साहित्य म्हणून ऐकले जाते. मात्र हा मंच कोणाला, कोणत्या भाषेत आणि किती वेळ मिळतो, हा प्रश्न महोत्सवाच्या आरंभापासून विचारला जात आहे. महोत्सवाचा इतिहास, त्यात सहभागी झालेले प्रमुख साहित्यिक व कलावंत आणि या प्रश्नाचे स्वरूप यांचा हा आढावा.

उगम आणि आयोजन

जयपूर विरासत फाउंडेशन या संस्थेच्या वतीने शहराचा सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी एक महोत्सव भरविला जात असे. त्याचाच एक भाग म्हणून २००६ मध्ये साहित्यविषयक कार्यक्रम सुरू झाले. २००८ च्या सुमारास साहित्य महोत्सव स्वतंत्र झाला आणि त्याच्या निर्मितीची जबाबदारी संजय रॉय यांच्या ‘टीमवर्क आर्ट्स’ या संस्थेकडे आली.

कादंबरीकार नमिता गोखले आणि इतिहासलेखक विल्यम डॅलरिम्पल हे महोत्सवाचे सहसंचालक आहेत. श्रीमती गोखले यांचे बालपण कुमाऊँच्या डोंगराळ भागात गेले. माजी केंद्रीय कायदामंत्री ह. रा. गोखले यांच्या त्या स्नुषा होत. ‘पारो’ ही त्यांची पहिली कादंबरी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘थिंग्ज टू लीव्ह बिहाइंड’ या कादंबरीसाठी त्यांना २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले श्री. डॅलरिम्पल दीर्घकाळ दिल्लीत वास्तव्यास असून मुघल काळ आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीवरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. भारतीय भाषांमधील साहित्याशी असलेला गोखले यांचा संबंध आणि जागतिक इंग्रजी ग्रंथव्यवहाराशी असलेला डॅलरिम्पल यांचा परिचय या दोन्हींचा ठसा कार्यक्रमांच्या निवडीवर उमटलेला दिसतो.

स्थळ आणि कार्यक्रमाची रचना

२०२० पर्यंत महोत्सव डिग्गी पॅलेस या जुन्या हवेलीच्या आवारात भरत असे. दरबार हॉल, फ्रंट लॉन, बैठक, संवाद, चारबाग आणि मुघल टेंट ही तेथील मंचांची नावे नियमित श्रोत्यांच्या परिचयाची झाली होती. कोविड साथीमुळे २०२१ चा महोत्सव इंटरनेटच्या माध्यमातून पार पडला. गर्दी आणि वाहतुकीची कोंडी हे प्रश्न आधीपासूनच होते. मार्च २०२२ पासून महोत्सवाचे स्थळ बदलून ते हॉटेल क्लार्क्स आमेर येथे नेण्यात आले.

दिवसाचा आरंभ सकाळच्या संगीताने होतो. त्यानंतर अनेक मंचांवर एकाच वेळी चर्चासत्रे चालू असतात. प्रत्येक सत्र साधारणतः पाऊण ते एक तासाचे असते; शेवटची काही मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवलेली असतात. सत्र संपल्यावर लेखक पुस्तकांवर स्वाक्षऱ्या देतो. सायंकाळी संगीताच्या मैफली होतात.

सुरुवातीच्या काळात सर्वांना विनामूल्य प्रवेश असे. पुढे नावनोंदणी आवश्यक झाली आणि नंतर सर्वसाधारण प्रवेशासाठीही अल्प शुल्क आकारले जाऊ लागले. तरीही शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची मोठी उपस्थिती हे या महोत्सवाचे वैशिष्ट्य टिकून आहे. नोबेल विजेत्या लेखकाला अकरावीतील विद्यार्थिनीने उभे राहून थेट प्रश्न विचारावा, हे दृश्य येथे दुर्मीळ नाही.

सहभागी लेखकांची ठळक नोंद

२००७ : सलमान रश्दी आणि त्याआधीच्या वर्षी बुकर पुरस्कार मिळविणाऱ्या किरण देसाई यांची उपस्थिती. या वर्षी रश्दी यांचा सहभाग कोणत्याही वादाविना पार पडला.

२००९ : अमिताभ बच्चन, विक्रम सेठ, पिको अय्यर.

२०१० : १९८६ चे नोबेल विजेते नायजेरियन नाटककार वोले सोयिंका, गिरीश कर्नाड, गुलजार, जावेद अख्तर. दलित साहित्यावरील सत्रे.

२०११ : ओरहान पामुक, जे. एम. कुट्सी, चिमामांडा न्गोझी अदिची. दक्षिण आशियाई साहित्यासाठीचा पहिला डीएससी पुरस्कार पाकिस्तानी लेखक एच. एम. नक्वी यांना प्रदान.

२०१२ : ओप्रा विन्फ्री, टॉम स्टॉपर्ड. डीएससी पुरस्कार श्रीलंकेचे शेहान करुणातिलक यांना. याच लेखकाला पुढे २०२२ चे बुकर मिळाले.

२०१३ : महाश्वेता देवी यांचे उद्घाटनपर भाषण, दलाई लामा यांची उपस्थिती. डीएससी पुरस्कार जीत थायिल यांच्या ‘नार्कोपोलिस’ या मुंबईची पार्श्वभूमी असलेल्या कादंबरीला.

२०१४ : अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांचे उद्घाटनपर भाषण. डीएससी पुरस्कार मुंबईतील पारशी शववाहकांच्या जीवनावरील कादंबरीसाठी सायरस मिस्त्री यांना.

२०१५ : व्ही. एस. नायपॉल, पॉल थरू, माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. डीएससी पुरस्कार झुंपा लाहिरी यांना.

२०१६ : कॅनडाच्या ज्येष्ठ लेखिका मार्गारेट ॲटवुड यांचे उद्घाटनपर भाषण.

२०१७ : गुलजार आणि अमेरिकी कवयित्री ॲन वॉल्डमन यांच्या हस्ते प्रारंभ.

२०१९ : नोबेल विजेते शास्त्रज्ञ व्हेंकटरमण रामकृष्णन यांचे उद्घाटनपर भाषण.

२०२० : गायिका शुभा मुद्गल आणि गणितज्ञ मार्कस द्यु सोतॉय यांची उद्घाटनपर भाषणे.

२०२३ : २०२१ चे नोबेल विजेते अब्दुलरझाक गुर्ना, तसेच गीतांजली श्री.

या नोंदींतील काही प्रसंग विशेष लक्षात राहिले आहेत. महाश्वेता देवी यांनी वयाच्या ८७ व्या वर्षी केलेल्या भाषणात, स्वप्न पाहण्याचा अधिकार हा पहिला मूलभूत अधिकार असला पाहिजे, असे प्रतिपादन केले होते. नायपॉल आणि थरू यांच्यातील अनेक वर्षांचे वैर साहित्यविश्वात सर्वज्ञात होते. २०१५ मध्ये थरू यांनी नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीचा जाहीर गौरव केला, तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नायपॉल यांना अश्रू आवरले नाहीत.

राजस्थानची मौखिक परंपरा

लेखकांच्या नावांची यादी कितीही मोठी असली, तरी महोत्सव ज्या भूमीवर भरतो तेथील साहित्य दीर्घकाळ कागदाबाहेरच नांदत आले आहे. मारवाडातील लोकदैवत पाबूजी राठोड यांची कथा हे त्याचे प्रमुख उदाहरण होय. भोपा हा कथागायक ‘फड’ नावाचे लांबलचक चित्रपट उभारून रात्रभर ही कथा गातो. हातातील रावणहत्था वाजवीत तो चित्रातील प्रसंगाकडे निर्देश करतो आणि त्याची पत्नी दिवा धरून तो प्रसंग उजळीत गायनात साथ देते. हे चित्र म्हणजे केवळ कथेचे साधन नव्हे. ते त्या देवतेचे फिरते मंदिर मानले जाते. फड जीर्ण झाली की पुष्करच्या सरोवरात तिचे विधिपूर्वक विसर्जन केले जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीची चित्रकथी परंपरा पाहिलेल्या वाचकांना चित्र आणि गायन यांचा हा मेळ अपरिचित वाटणार नाही.

डॅलरिम्पल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन लाइव्ह्ज’ या पुस्तकात मोहन भोपा या कथागायकावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याच्या स्मरणात हजारो ओळींचे काव्य कसे साठविले जाते, हा त्या प्रकरणाचा विषय आहे.

पश्चिम राजस्थानातील मांगणियार आणि लंगा या समाजांचीही अशीच वंशपरंपरागत गायकी आहे. हे गायक मुसलमान असून मांगणियारांचे यजमान बहुतांशी हिंदू असतात. यजमानाच्या घरी जन्म, विवाह आणि मृत्यू या प्रसंगी गाणे, त्याच्या घराण्याची वंशावळ मुखोद्गत ठेवणे ही त्यांची पिढीजात जबाबदारी. कमायचा, सारंगी आणि खडताल ही त्यांची वाद्ये आज जगभरच्या रंगमंचांवर ऐकू येतात. त्यामागे लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी (१९२९–२००४) यांचे परिश्रम आहेत.

कोठारी यांनी कथाकार विजयदान देथा (१९२६–२०१३) यांच्या सहकार्याने १९६० मध्ये बोरुंदा या खेड्यात ‘रूपायन संस्थान’ स्थापन केले. देथा यांनी गावोगावच्या लोककथा ऐकून त्या राजस्थानी भाषेत नव्याने लिहिल्या आणि ‘बातां री फुलवाडी’ ही ग्रंथमाला सिद्ध केली. १९७४ मध्ये राजस्थानी भाषेसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या एका कथेवर मणी कौल यांनी १९७३ मध्ये ‘दुविधा’ आणि अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये ‘पहेली’ हा चित्रपट केला. त्यांनीच लिहिलेल्या चोराच्या कथेवरून हबीब तनवीर यांचे ‘चरणदास चोर’ हे गाजलेले नाटक उभे राहिले. ऐकलेली कथा लिहिली जाते, लिहिलेली कथा पुन्हा रंगमंचावर जाते, हा प्रवास राजस्थानात प्रत्यक्ष घडला आहे.

जयपूर महोत्सवात पुष्करचे नगारावादक नाथूलाल सोलंकी, राजस्थानी लोकगायक कुटले खान, बंगालच्या बाऊल परंपरेतील पार्वती बाऊल, तसेच कैलाश खेर आणि सुशीला रामन अशा विविध प्रकृतीच्या कलावंतांनी आपली कला सादर केली आहे. तथापि लोककलावंताला बहुधा सकाळचा आरंभ किंवा सायंकाळची मैफल मिळते आणि चर्चेची मधली वेळ पुस्तकांच्या लेखकांची असते. गायकाला गाण्यासाठी बोलावले जाते. त्याच्या काव्याविषयी त्याचे मत विचारण्यासाठी तितकेसे नाही. २०२० मध्ये शुभा मुद्गल यांना उद्घाटनपर भाषणाचा मान मिळाला, म्हणूनच ती घटना महत्त्वाची ठरते.

भारतीय भाषा आणि अनुवाद

महोत्सवात इंग्रजीचे प्राबल्य आहे, हा आक्षेप नवीन नाही. हिंदी, उर्दू, राजस्थानी, संस्कृत आणि इतर भारतीय भाषांतील साहित्यिकांना दरवर्षी निमंत्रणे असतात. परंतु मोठे मंच आणि मोठी गर्दी बहुधा इंग्रजीतून लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येते. यजमान राज्याच्या भाषेची स्थिती तर अधिकच विचार करायला लावणारी आहे. राजस्थानीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान द्यावे, असा ठराव राज्य विधानसभेने २००३ मध्ये संमत केला. मात्र अनुसूचीतील २२ भाषांमध्ये तिचा समावेश अद्याप झालेला नाही. अशा परिस्थितीत चंद्रप्रकाश देवल यांच्यासारखा कवी जयपूरच्या मंचावरून राजस्थानीत बोलतो, तेव्हा त्याला केवळ काव्यवाचनापलीकडचा अर्थ प्राप्त होतो.

भाषांमधील हे अंतर कमी करण्याचे काम अनुवादक करतात. बहुभाषक सत्रात कवी मूळ भाषेत कविता वाचतो आणि पाठोपाठ तिचा अनुवाद वाचला जातो. श्रोता प्रथम नाद ऐकतो, अर्थ त्यानंतर येतो. पुस्तकात मूळ कविता दिसतेच असे नाही, मंचावर मात्र ती ऐकावीच लागते. या अर्थाने मौखिक सादरीकरण हे अनुवादाला पूरक ठरते.

२०१४ पासून महोत्सवाला जोडून ‘जयपूर बुकमार्क’ हा प्रकाशक, अनुवादक आणि ग्रंथविक्रेते यांच्यासाठीचा उपक्रम सुरू झाला. वाणी फाउंडेशनतर्फे दिला जाणारा अनुवादकांचा सन्मान याच व्यासपीठावरून देण्यात येऊ लागला. २०१६ मध्ये पहिला सन्मान मल्याळम कवी व अनुवादक आट्टूर रवी वर्मा यांना मिळाला. पुढे गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या अनुवादाला २०२२ चा आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या अनुवादाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक यांना समसमान दिली जाते, ही बाब भारतीय भाषांतील अनुवादकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

२०१० मधील दलित साहित्यावरील सत्रांचाही येथे उल्लेख करावा लागेल. त्या वर्षी हिंदी लेखक ओमप्रकाश वाल्मीकि, तमिळ लेखिका पी. शिवकामी आणि कांचा इलैया सहभागी झाले होते. वाल्मीकि यांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता. आयुध निर्माणीतील नोकरीनिमित्त ते अंबरनाथ आणि चंद्रपूर येथे राहिले. तेथेच त्यांचा मराठी दलित साहित्याशी आणि दलित पँथरच्या चळवळीशी परिचय झाला. ‘जूठन’ या त्यांच्या आत्मकथनात त्याचा वृत्तांत आहे. मराठीतील आत्मकथनांनी दिलेले धैर्य हिंदीत आणि तेथून अनुवादाद्वारे इतर भाषांमध्ये कसे पोहोचले, याचे हे ठळक उदाहरण होय.

वादाचे प्रसंग

वाणीला मंच मिळण्याइतकाच तिचा मंच नाकारला जाण्याचा इतिहासही जयपूरशी जोडलेला आहे. सलमान रश्दी यांच्या १९८८ मधील ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीच्या आयातीवर भारतात त्याच वर्षी बंदी घालण्यात आली होती. जानेवारी २०१२ मध्ये रश्दी जयपूरला येणार असल्याचे जाहीर होताच काही मुस्लिम संघटनांनी विरोध दर्शविला. जिवाला धोका असल्याची माहिती मिळाल्याने रश्दी यांनी दौरा रद्द केला. त्याच्या निषेधार्थ हरी कुंझरू, अमिताव कुमार, जीत थायिल आणि रुचिर जोशी या चार लेखकांनी कादंबरीतील उतारे मंचावरून वाचले आणि कायदेशीर कारवाईच्या शक्यतेमुळे त्यांना महोत्सव अर्धवट सोडून जयपूरबाहेर जावे लागले. २४ जानेवारी रोजी रश्दी व्हिडिओद्वारे संवाद साधणार होते. निदर्शकांच्या उपस्थितीमुळे तो कार्यक्रमही आयत्या वेळी रद्द झाला. पाचच वर्षांपूर्वी हाच लेखक याच शहरात श्रोत्यांमध्ये मोकळेपणाने वावरला होता.

२०१३ मध्ये समाजशास्त्रज्ञ आशीष नंदी यांनी मागासवर्ग आणि भ्रष्टाचार यासंबंधी केलेल्या विधानावरून त्यांच्याविरुद्ध गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अटकेला स्थगिती दिली. नंदी यांचे म्हणणे विपर्यस्त स्वरूपात पसरले, असे त्यांच्या समर्थकांचे मत होते. तर मोठ्या मंचावरून बोलताना वंचित समाजाच्या भावनांचे भान ठेवले पाहिजे, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

असे प्रसंग केवळ जयपूरपुरते मर्यादित नाहीत. २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले होते. त्यांचे न झालेले भाषण मराठी अनुवादातून मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. छापील शब्द थांबविणे अवघड असते. बोलणाऱ्याला मंचावर येण्यापासून रोखणे त्या मानाने सोपे असते, हे या दोन्ही घटनांतून दिसून आले.

मराठी संमेलन आणि जयपूर

मराठी वाचकांना साहित्यिक मेळाव्यांची परंपरा नवी नाही. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ मध्ये पुण्यात भरले. या दोन मेळाव्यांच्या रचनेत मात्र मूलभूत फरक आहे. संमेलन एका भाषेचे असते, त्याला अध्यक्ष असतो आणि ठरावांद्वारे ते शासनाकडे मागण्या मांडते. जयपूरला अध्यक्ष नाही, ठराव नाहीत. तेथे निवड आयोजकांची असते आणि कार्यक्रमाचा खर्च मुख्यतः प्रायोजकांवर अवलंबून असतो.

असे असले तरी दोन्हीकडे एक समान जाणीव वाढीस लागलेली दिसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या ९८ व्या संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. तारा भवाळकर यांनी भूषविले. ओव्या, लोककथा आणि स्त्रियांची मौखिक अभिव्यक्ती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. जात्यावर बसून ओवी रचणारी स्त्री आणि फडीसमोर उभा राहून गाणारा भोपा यांनाही साहित्यिक म्हणावे, हा विचार आता सभामंडपाच्या मध्यभागी आला आहे.

जयपूरच्या यशानंतर देशात अनेक ठिकाणी असे महोत्सव सुरू झाले. गोव्यात २०१० पासून कला आणि साहित्य महोत्सव, तर कोझिकोडच्या समुद्रकिनाऱ्यावर २०१६ पासून केरळ साहित्य महोत्सव भरविण्यास प्रारंभ झाला. जयपूर महोत्सवाच्या लंडन आणि अमेरिकेतील आवृत्त्याही निघाल्या. प्रसिद्ध नावांना गर्दी होणार, हे उघड आहे. परंतु एखादा अपरिचित कवी आपल्या भाषेत बोलू लागल्यावर श्रोते खुर्च्यांवरून उठतात की थांबून ऐकतात, यावरच अशा महोत्सवांचे साहित्यिक मोल ठरेल.